घरी केलेल्या गोठवलेल्या खाद्याने समुद्री माशांच्या टाकीचे (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे) पाणी गढूळ होणे: माझा अनुभव

कोळंबी, माकूल आणि तिसऱ्यांचे घरी केलेले खाद्य टाकीत सोडताच पाणी दुधाळ होत असे आणि काही दिवसांत काचेवर शेवाळ चढत असे. खाद्य कमी केले, मिश्रण अधिक बारीक वाटले. त्याने गढूळपणा उलट वाढला. तीन महिने मी हताश झालो होतो.

दोष मासळीतून सुटणाऱ्या, फॉस्फेटयुक्त (म्हणजे शेवाळाला खत ठरणाऱ्या क्षाराच्या) रसात होता.

आता दादरच्या बाजारातून आणलेली ताजी मासळी सोलून आरओच्या पाण्यात तीनदा धुतो, चाळणीत निथळतो आणि सुरीने चिरतो; मिक्सर वापरत नाही, कारण लगदा पाण्यात विरघळतो. अर्धा किलो मासळीसाठी २० ग्रॅम साधे जिलेटिन १०० मिलिलिटर थंड पाण्यात दहा मिनिटे भिजवून, न उकळता मंद आचेवर विरघळवतो आणि कोमट झाल्यावरच मासळीत मिसळतो, कारण गरम ओतल्यास कोळंबी शिजते. शेवटी भिजवलेली नोरी (खाण्याच्या समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ पापुद्रे) घालून, झिपच्या पिशवीत अर्धा सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करून, आधी फ्रिजमध्ये घट्ट होऊ देतो आणि मग गोठवतो.

देताना तुकडा टाकीच्याच वाटीभर पाण्यात वितळवून बारीक जाळीत गाळतो. गाळलेले पाणी मात्र कटाक्षाने फेकतो.