मनगट सोडवण्याचा सराव: जोडीदाराने खरंच धरलं पाहिजे

मनगट धरलं की बहुतेक जण हात सरळ मागे ओढतात आणि तिथेच फसतात. ती ओढ समोरच्याची चारही बोटं अडवतात. तो वजनदार असेल तर तुम्हीच त्याच्याकडे खेचले जाता.

पकडीची कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात ती फट. समजा, त्याच्या उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरलंय. मनगट फिरवून अंगठ्याकडची अरुंद कड त्या फटीसमोर आणा. अर्धं पाऊल पुढे टाका, कोपर वाकवून त्याच्या कोपराकडे ढकला आणि कंबर वळवत मूठ झटक्यात आपल्या उजव्या खांद्याकडे न्या. पाऊल मागे गेलं तर हात सरळ होतो आणि सगळा जोर एकट्या दंडावर येतो. त्याने दोन्ही हातांनी धरलं असेल, तर मोकळा हात त्याच्या हातांमधून घालून स्वतःची मूठ पकडा आणि दोन्ही हातांनी वर ओढा.

क्लासमध्ये जोडीदार फारच सभ्यपणे धरतो, म्हणून सगळं जमतंय असं वाटतं. आधी सैल पकडीवर प्रत्येक बाजूने 10 वेळा करा, मग घट्ट, मग तो ओढत नेत असताना. शेवटी 30 सेकंदांची फेरी: तो कधी, कुठला हात धरेल हे सांगायचं नाही. सुटल्यावर तिथेच थांबायची सवय लावून घेऊ नका. तळहात छातीसमोर, मोठ्याने ओरडा आणि दाराकडे पळा. आठवड्यातून एकदा हे रोजच्या कपड्यांत, चपला आणि खांद्यावरच्या बॅगेसकट करा. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी बंद.