जन्मदाखल्याची प्रत: आधी कार्यालय बरोबर निवडा

दाखला मिळतो तो जन्म जिथे झाला तिथून, राहत्या गावातून नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर आईच्या माहेरची ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका गाठा. दवाखाना तालुक्याच्या गावी असेल तर नोंदही तिथेच असते. बहुतेक हेलपाटे इथेच होतात.

अर्जात जन्मतारीख, दवाखान्याचं नाव आणि आईवडिलांची त्या वेळची नावं लिहा. नोंदणी क्रमांक असेल तर शोध चटकन लागतो. नोंदीत बाळाचं नाव नसेल तर आधी ते चढवून घ्या, मगच प्रती मागा.

जुनी नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, बघायला सांगा. तिथेही नसेल, तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला लेखीच घ्या. उशिराच्या नोंदणीसाठी तो लागतो.