आयर्लंडमध्ये आयरिश शिकवायच्या नोकरीची मुलाखत: तयारी कुठून धरायची

आयर्लंडमधल्या माध्यमिक शाळेत आयरिश शिकवायची असेल, तर मुलाखतीची तयारी तोंडाने करावी लागते. दोन वर्षांचं पीएमई, म्हणजे शिक्षक होण्यासाठीचं पदव्युत्तर शिक्षण, झालेलं असतं, शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या टीचिंग कौन्सिलकडे नाव असतं, गुणही चांगले असतात. तरी समितीने एक उपप्रश्न विचारला की चौथ्या वाक्याला आयरिश सुटतं आणि इंग्रजी सुरू होतं. चांगले उमेदवार मागे पडतात ते बहुधा इथेच. तिथे वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना ही भाषा शाळेतच भेटते. त्यांच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असेल, तर हे त्यांच्यासाठीही आहे.

जाहिरातींचा मोठा हंगाम एप्रिल ते जून. ऑगस्टमध्ये उरलेल्या आणि नव्याने निघालेल्या तासिकांसाठी दुसरी धावपळ होते. कौन्सिलची नोंदणी आणि गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडची पूर्वतपासणी, ही कागदपत्रं त्याआधी हातात हवीत. अर्जातलं आयरिश यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. आयरिशमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं, ते बदल त्यात चुकू शकतात आणि वाचणाऱ्या आयरिश शिक्षकाला ते पहिल्याच परिच्छेदात दिसतं.

शाळा कोणत्या प्रकारची आहे, हे सगळ्यात आधी पाहा. गेलखोलाश्ते, म्हणजे आयरिश माध्यमाची माध्यमिक शाळा असेल, तर पूर्ण मुलाखत आयरिशमध्येच होईल असं धरून चला. गेलटाख्ट, म्हणजे जिथे आयरिश रोजच्या व्यवहारात बोलली जाते अशा भागातल्या शाळेतही तेच. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आयरिशचा भाग काही मिनिटांचाच असतो आणि समितीतल्या एखाद-दुसऱ्यालाच ती अस्खलित येत असते. बाकीचे शब्दांपेक्षा तुमचा ओघ आणि चेहरा पाहतात. ज्युनियर सायकलला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या तीन वर्षांना, आयरिशचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत: आयरिश माध्यमासाठी टी-१ आणि इंग्रजी माध्यमासाठी टी-२. समोरची शाळा यातला कोणता शिकवते, हे न पाहता गेलेला उमेदवार पाच मिनिटांत उघडा पडतो.

बोलण्याच्या सरावाला किमान तीन आठवडे द्या. रोज वीस मिनिटं, मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करून. उत्तर पाठ करायचं नाही, फक्त तीन मुद्दे ठरवायचे आणि दर वेळी वाक्यं नवी येऊ द्यायची. पाठ केलेला परिच्छेद ऐकणाऱ्याला लगेच कळतो, आणि मग तो मुद्दाम मध्येच तोडून विचारतो. एक उत्तर दीड ते दोन मिनिटांचं पुरे. शब्द अडला तर सोप्या आयरिशमध्ये वळसा घालून सांगा. वर्गात मुलांनी हेच करावं असं आपण म्हणतो, त्यामुळे समितीला ते आवडतंच. सोबत रोज थोडा वेळ रेडिओ न गेलटाख्टा ही आयरिश वाहिनी ऐका. १९७२ पासून चालू असलेल्या या वाहिनीवर मन्स्टर, कॉनाख्ट आणि अल्स्टर या प्रांतांच्या तिन्ही बोली कानावर पडतात. ‘कशी आहेस’ याला मन्स्टरमध्ये ‘कनस ता तू’, कॉनाख्टमध्ये ‘केन खी विल तू’ आणि अल्स्टरमध्ये ‘गजे मर अता तू’ म्हणतात. आपली बोली लपवायचं कारण नाही, पण एका वाक्यात तिन्हींची खिचडी करू नका. परीक्षेत बाकीच्या दोन बोली मुलांच्या कानावर येणार आहेत, त्यांची ओळख कशी करून द्याल, हा प्रश्न येऊ शकतो.

व्याकरणात एक चूक जास्तच महागात पडते. ‘मी शिक्षक आहे’ हे ‘ता मे मून्त्योर’ असं म्हटलं की समिती मनातल्या मनात खूण करते. कोण किंवा काय आहे हे सांगताना ‘इस’ लागतो: ‘इस मून्त्योर मे’. ‘ता’ असण्याच्या स्थितीला आणि जागेला चालतं. घाबरल्यावर हीच चूक सगळ्यात आधी तोंडातून निघते, म्हणून स्वतःची ओळख करून देणारी पाच वाक्यं तरी घोटून ठेवा. एरवी मराठी माणसाला या भाषेची ठेवण परकी वाटत नाही. ‘ता ल्यावर अगम’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे पुस्तक आहे’. ‘बाळगणे’ अर्थाचं वेगळं क्रियापद आयरिशमध्ये नाही, आपल्याकडेही रोजच्या बोलण्यात ते लागत नाही.

नमुना पाठाची तयारी नीट करा, कारण ‘दुसऱ्या वर्षाचा एक तास कसा घ्याल’ हे हमखास विचारतात. ‘गेम खेळू, व्हिडिओ दाखवू’ या उत्तराला गुण मिळत नाहीत. एक छोटी गोष्ट घ्या आणि ती उलगडून दाखवा. समजा, चाळीस मिनिटांचा तास आहे आणि शब्द आहे ‘बाद’, म्हणजे होडी. आयरिशमध्ये ‘त्याचा’, ‘तिचा’ आणि ‘त्यांचा’ या तिन्हींना एकच शब्द आहे: ‘अ’. त्याची होडी ‘अ वाद’, तिची ‘अ बाद’, त्यांची ‘अ माद’. होडी कुणाची, हे फक्त पहिल्या व्यंजनावरून कळतं. मराठीत सामान्यरूपाने शब्दाचं शेपूट बदलतं, इथे तोंड बदलतं. पहिली पाच मिनिटं तीन चित्रं दाखवून नुसतं ऐकवायचं, मुलांनी बोट दाखवायचं. मग दहा मिनिटं मुलांनीच नियम शोधायचा. नंतर पंधरा मिनिटं जोड्यांमध्ये एकाने बोलायचं, दुसऱ्याने योग्य चित्र उचलायचं. शेवटी चिठ्ठीवर प्रत्येकाने तीन वाक्यं लिहून द्यायची. त्या चिठ्ठ्यांवरून उद्याचा तास कसा बदलाल, हेही सांगा. कमी येणाऱ्या मुलाला आधार काय आणि पुढे गेलेल्याला काम काय, हे न विचारता सांगितलंत तर समितीचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

लिव्हिंग सर्ट, म्हणजे माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा, हिच्या आयरिश विषयाचे आकडे तोंडपाठ हवेत. एकूण ६०० गुण, त्यातले २४० तोंडी परीक्षेला, म्हणजे ४० टक्के. त्यात स्वागताला ५, कवितावाचनाला ३५, चित्रमालिकेवर बोलायला ८० आणि संभाषणाला १२०. श्रवणाला ६० गुण आहेत. म्हणजे कान आणि तोंड मिळून निम्मे गुण. ‘वर्गात आयरिश किती बोलाल’ याचं उत्तर याच हिशेबातून निघतं. चित्रमालिका मुलं पाठ करून येतात, संभाषण पाठ करून येत नाही. म्हणून पाचव्या वर्षाच्या सप्टेंबरपासून दर आठवड्याला प्रत्येक मूल किती मिनिटं बोलेल, याची योजना सांगा. ज्युनियर सायकलमध्ये दुसऱ्या वर्षी भाषासंग्रहावर आणि तिसऱ्या वर्षी संवादकृतीवर वर्गातच मूल्यमापन होतं, तेही माहीत असू द्या. वरिष्ठ टप्प्याचे अभ्यासक्रम बदलत आहेत, म्हणून जायच्या आधल्या आठवड्यात एनसीसीए, म्हणजे अभ्यासक्रमाचं काम पाहणारी संस्था, आणि परीक्षा आयोग यांची पानं पुन्हा उघडा.

‘आयरिश कशाला शिकायची, असं मूल म्हणालं तर?’ याला भाषण देऊ नका. २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण दर्जा आहे, प्राथमिक शिक्षक व्हायला ती लागते, हे सगळं खरं आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाला त्याने काही होत नाही. त्याला आज जमेल असं काय देणार, ते सांगा: टीजी-४ या आयरिश टीव्ही वाहिनीवरचा सामना, १ ते १७ मार्चच्या, नावालाच ‘सप्ताह’ असलेल्या आयरिश सप्ताहात कॅन्टीनमध्ये आयरिशमध्ये मागवायचा चहा, दुसऱ्या वर्गाशी लावलेली पैज. आयरिशमधून सूट मिळालेली मुलं त्या तासाला कुठे बसतात, हाही नाजूक आणि खरा प्रश्न आहे.

बालसंरक्षणाचा प्रश्न जवळजवळ नेहमी येतो. मुलाने काही सांगितलं तर गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे, शाळेतल्या नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला लगेच सांगायचं. २०१५ च्या चिल्ड्रन फर्स्ट कायद्यानुसार नोंदणीकृत शिक्षकावर टुस्लाला, म्हणजे बाल आणि कुटुंब संस्थेला, कळवण्याचं बंधन स्वतःचं असतं. अधिकाऱ्याला सांगितलं म्हणून ते सुटत नाही. इथे चुकलात तर उत्तम आयरिशही वाचवत नाही.

तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर नव्या शिक्षकाने द्रोहेद या प्रवेशकाळातल्या मार्गदर्शनासाठी शाळेत पथक आहे का, हे विचारावं. निघताना आभार आयरिशमध्ये माना, पण जपून. मराठी माणूस आदराने अनेकवचन वापरतो. आयरिशमध्ये ते चालत नाही: मुख्याध्यापक एकटे असले तर ‘गुर मा अगत’, समोर तिघं बसले असतील तर ‘गुर मा अगीव’.