पेंड्युलमचा प्रयोग: 'जी' नेमका कुठे चुकतो

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला साध्या पेंड्युलमवरून 'जी', म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा प्रयोग असतो. सोपा म्हणून तो घाईघाईत उरकला जातो. खरं तर चुकलेला 'जी'सुद्धा चूक कुठे झाली ते सांगतो, फक्त तो वाचता यायला हवा.

दोरा दांड्याला गाठ मारून बांधू नका. झुलताना तो दांड्यावर थोडा गुंडाळला जातो आणि लांबी सतत बदलत राहते. बूच मधोमध उभं चिरा, दोरा दोन फाकांमध्ये धरा आणि क्लॅम्प घट्ट आवळा. मोजमाप गोळा लटकवल्यावरच घ्या, कारण वजनाने दोरा ताणला जातो. लांबी धरायची ती बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत. गोळ्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मोजा आणि त्याचा निम्मा दोऱ्याच्या लांबीत मिळवा.

गोळा बाजूला न्यायचा तो ५ अंशांच्या आतच. १ मीटरच्या दोऱ्याला हे अंतर साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास भरतं. २० अंशांवरून सोडलात तर आवर्तकाळ, म्हणजे एका आवर्तनाला (जाऊन परत यायला) लागणारा वेळ, पाऊण टक्क्याने वाढतो आणि 'जी' दीड टक्क्याने कमी येतो. गोळ्याला ढकलू नका, अलगद सोडा. जरा आडवा धक्का लागला तरी तो लंबगोल फिरू लागतो. तसं झालं तर थांबवा आणि परत सोडा.

आता वेळ, कारण खरी गोची इथेच आहे. मोजणी मध्यस्थितीपासून करा. त्यासाठी दोऱ्यामागे खडूची उभी रेघ ओढून ठेवा. टोकाला गोळा क्षणभर रेंगाळतो, तिथे स्टॉपवॉच कधी दाबायचं हे डोळ्याला ठरवता येत नाही. मध्ये त्याचा वेग सर्वात जास्त असतो, त्यामुळे रेघ ओलांडायचा क्षण लख्ख दिसतो. बटण दाबताना तोंडाने 'शून्य' म्हणा. पुन्हा त्याच दिशेने रेघ ओलांडली की 'एक'. सुरुवातच 'एक'ने केली तर २० ऐवजी १९ आवर्तनं मोजली जातात आणि 'जी' १०.९च्या जवळपास येतो. एवढं उत्तर आलं की आधी मोजणीवरच संशय घ्या.

२० आवर्तनं कशासाठी? बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. १ मीटरच्या पेंड्युलमचा आवर्तकाळ साधारण २ सेकंद असतो, म्हणजे एकच आवर्तन मोजलं तर चूक १० टक्के. सूत्रात ('जी' = ४π² × लांबी ÷ आवर्तकाळाचा वर्ग) काळाचा वर्ग असल्याने 'जी'मध्ये ती दुप्पट, २० टक्के होते. २० आवर्तनांना ४० सेकंद लागतात, तेव्हा हीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते आणि 'जी'मध्ये १ टक्का उरते. लांबीत १ मिलिमीटर चुकलात तर फरक जेमतेम ०.१ टक्का. म्हणून पट्टीवर डोळे ताणत बसण्यापेक्षा प्रत्येक लांबीला वेळेची तीन रीडिंग घ्या.

लांबी ६० ते ११० सेंटीमीटर, दर १० सेंटीमीटरला एक, अशी सहा रीडिंग पुरतात. आडव्या अक्षावर लांबी मीटरमध्ये आणि उभ्या अक्षावर आवर्तकाळाचा वर्ग घ्या. स्लोपसाठी, म्हणजे रेषेचा चढ काढायला, रेषेवरचे दोन लांबचे बिंदू निवडा, स्वतःची रीडिंग नकोत. ३९.४८ ला (म्हणजे ४π² ला) स्लोपने भागलं की 'जी' मिळतो. स्लोप ४.०३च्या आसपास यायला हवा.

ग्राफचा एक मोठा फायदा आहे. गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहून गेली तरी स्लोप तोच राहतो, फक्त रेषा शून्यातून न जाता थोडी वर सरकते. ती मागे वाढवा, २ सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याला ती आडव्या अक्षाला उणे १ सेंटीमीटरजवळ छेदेल. राहून गेलेली त्रिज्या तिथे सापडते!

चुकलेलं रीडिंग खोडरबरने पुसू नका. त्यावर एक रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा. कॅल्क्युलेटरवर ९.८१३७ दिसलं म्हणून तसंच उतरवू नका. विषुववृत्तावर 'जी' सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. १ टक्का चुकीच्या प्रयोगाला तोही फरक कळत नाही. उत्तर लिहा: ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग.