फिके रंग आणि पांढरा: माझी जोडी कशी जमली

फेब्रुवारीत ठाण्यात सकाळची हवा बरी असते, ऊन अजून तापलेलं नसतं. याच दिवसांत पिस्ता, अबोली, लॅव्हेंडर घालावेसे वाटतात. पण पिस्ता कुर्ती आणि पांढरी पँट घातली की माझा गव्हाळ चेहरा आजारी दिसायचा. उपाय साधा निघाला: अदलाबदल. चेहऱ्याजवळ पांढरा कुर्ता, फिका रंग खाली पलाझोला.

खरी गोम पांढऱ्यातच आहे. एक पांढरा निळसर झाक असलेला, दुसरा दुधी. लॅव्हेंडर, आकाशीला पहिला शोभतो, अबोलीला दुधी. उलटं केलं की दुधी कपडा न धुतल्यासारखा वाटतो. म्हणून गोखले रोडला खरेदीला जाताना मी पलाझो पिशवीत नेते आणि दुकानाच्या दाराशी, उजेडात, कापड शेजारी धरून बघते. आतल्या ट्यूबलाइटवर विश्वास नाही. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

मलमलचा कुर्ता पारदर्शक असतो. त्याखाली पांढरी स्लिप उठून दिसते, त्वचेच्या रंगाची दिसत नाही. आकाशीवर घामाचे डाग चटकन उमटतात, म्हणून तो रंग फक्त ओढणीत.

नीळ निळसर पांढऱ्यालाच घालायची, दुधीला नको, त्याची ऊबच जाते. पायात कोल्हापुरी. पांढऱ्या सँडल घालून लोकलमध्ये चढायची हौस ज्यांना आहे त्यांनी ती खुशाल भागवावी.