ठिबक संचाचे अनुदान: बिल अपलोड करण्याआधी तपासून घ्या

परतीचा पाऊस ओसरला की बारामती, इंदापूर, दौंड भागात पूर्वहंगामी उसाच्या लागणीची आणि जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात रब्बी कांद्याच्या रोपवाटिकांची लगबग सुरू होते. ठिबक संच बसवण्याचीही घाई याच दिवसांत उडते आणि अनुदान अडकण्याची बहुतेक कारणे या घाईतच तयार होतात, म्हणून संच विकत घेण्यापूर्वीच हा सल्ला वाचावा.

‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतर शेतकऱ्यांना 45 टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यास अनुक्रमे 25 आणि 30 टक्के पूरक अनुदानाची जोड मिळत असल्याने एकूण प्रमाण 80 आणि 75 टक्के होते. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर, 5 हेक्टरच्या मर्यादेत मोजली जाते. दुकानदाराच्या बिलावर ती लावून हिशेब केल्यास हाती येणारी रक्कम कमी वाटेल.

सर्वांत जास्त नुकसान तारखांमुळे होते. महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर अर्जाला पूर्वसंमती मिळण्याआधी संच आणून बसवला, तर संच कितीही चांगला असला तरी त्यावर अनुदान मागता येत नाही; आणि पूर्वसंमती मिळाल्यावर 30 दिवसांच्या आत अधिकृत विक्रेत्याकडून संच घेऊन, तो शेतात बसवून बिल अपलोड करावे लागते. पूर्वसंमतीचा संदेश अनेकदा मुलाच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलवर येऊन पडलेला असतो आणि घरात तो आठवड्याने कळतो. त्यामुळे अर्जात जो क्रमांक दिला आहे, तो फोन रोज पाहण्याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी.

बिल हातात आले की दुकानातच उभे राहून वाचा. गावात ज्या नावाने हाक मारतात तेच नाव बिलावर लिहिलेले आढळते, आणि सातबारा, आधार व पासबुकावर मात्र पूर्ण नाव असते. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, जीएसटी क्रमांक, नळीची लांबी आणि बिलाची तारीख पाहा, चूक असेल तर तेथेच बिल बदलून घ्या. क्षेत्र सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र आधीच तयार ठेवा, कारण पुण्या-मुंबईला राहणाऱ्या भावाची सही ऐनवेळी मिळत नाही.

यानंतर मोका तपासणी होते. नळ्यांमधील अंतरावर अनुदानाची रक्कम ठरते, म्हणून सरी पाच फुटांची काढून कागदावर चार फूट दाखवले, तर मोजणीच्या टेपवर ते लगेच उघडे पडते. नळीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आहे का हे बसवतानाच पाहावे, फिल्टर आणि व्हेंच्युरी (पाण्यातून खत सोडण्याचे साधन) जागेवर जोडलेली असावी, आणि तपासणीच्या दिवशी मोटर चालवून शेवटच्या सरीतले थेंबही दाखवावेत. तपासणीआधी नळ्या गुंडाळून गोठ्यात टाकू नयेत. उंदरांच्या भीतीने काही जण तसे करतात, आणि मग सारी तपासणी पुन्हा करावी लागते.

अनुदान आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, आणि ते खाते पासबुक जोडलेल्या खात्याहून वेगळे असू शकते. अनेकांची दोन-तीन खाती असतात आणि आधार शेवटी कोणत्या बँकेशी जोडले गेले हे ठाऊक नसते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहावी किंवा बँकेत विचारावी, ते खाते बंद पडले असेल तर आताच चालू करून घ्यावे. शेतकरी ओळख क्रमांक अद्याप काढला नसेल, तर सर्वांत आधी तो काढावा.

अर्ज त्रुटीत आला, तर पोर्टलवर लिहिलेले कारण वाचून तेवढाच कागद दुरुस्त करून पुन्हा चढवावा आणि गावच्या कृषी कर्मचाऱ्याला भेटून तो पुढे गेल्याची खात्री करून घ्यावी. मार्चअखेर जवळ येईल तशी कार्यालयांत गर्दी वाढते, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच बिल चढवलेले बरे. बिलाची मूळ प्रत, पूर्वसंमतीचे पत्र आणि बसवलेल्या संचाचे फोटो एका पिशवीत जपून ठेवावेत. त्याच क्षेत्रासाठी पुन्हा अर्ज करायला 7 वर्षे जावी लागतात, आणि तेव्हा पहिला संच कधी बसला हे त्याच कागदांवरून सांगता येते.