विश्वासघात रंगवताना या चुका टाळा

जळगावात चित्रकलेचे वर्ग घेत असताना ‘विश्वासघात’ हा विषय दिला की निम्म्याहून अधिक कागदांवर पाठीत खुपसलेला सुरा, मुखवटा किंवा अस्तनीतला साप उमटतो. ही वाक्प्रचारांची चित्रे झाली. त्यांत माणूस कुठेच नसतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे दगा देणाऱ्याला कुरूप करणे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आमच्या चुलतभावाने आपल्या थकलेल्या वडिलांचा अंगठा कागदावर उमटवून घेऊन केळीचे शेत परस्पर विकले, तेव्हा संतापाच्या भरात मी त्याला सुळे आणि लाल डोळे देऊन रंगवले. काकूंनी ते चित्र बराच वेळ न्याहाळून विचारले, “हाऊ कोन शे रे?” जन्मदात्या आईलाही जो ओळखू येत नाही, त्याचा दगा कोणाला बोचणार? दुसऱ्या खेपेस मी फक्त दोन हात काढले: अंगठ्याला लागलेली शाई मुलगा स्वतःच्या रुमालाने, अगदी हळुवारपणे, पुसून देत आहे. काकूंनी एक शब्दही न बोलता ती फ्रेम उलटी करून भिंतीला टेकवली.

इटालियन चित्रकार जोत्तोने 1305 च्या सुमारास पादुआ शहरातल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, हेच जाणले होते. तिथे येशूला दगा देणारा त्याचाच शिष्य यहुदा त्याला मिठी मारतो आणि त्याच्या पिवळ्या झग्यात येशूचे जवळजवळ सगळे शरीर झाकले जाते. आपल्याला तर इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात छद्दन्त जातक, म्हणजे बुद्धाच्या हत्तीच्या पूर्वजन्माची कथा, रंगवलेले आहे. त्या कथेतला शिकारी भगवे वस्त्र पांघरून येतो, त्या वस्त्राचा मान राखून हत्ती त्याला सोडून देतो आणि ज्या राणीने सूडापोटी सुळे मागवले ती ते पाहताच मूर्च्छित होते. भिंतीवरचे रंग पुष्कळ उडाले आहेत, तरी विद्यार्थ्यांनी मोबाइल खिशात ठेवून त्या राणीसमोर निदान अर्धा तास उभे राहावे असा माझा आग्रह असतो. दहा मिनिटांत फोटो काढून परतणाऱ्यांना मी पुन्हा नेत नाही.

अंधार दाखवायचा म्हणून ट्यूबमधला काळा रंग थापू नये. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळून येणारा काळा खोल दिसतो; शिवाय अंबरमुळे तैलरंग लवकर वाळतो. मी एकदा जवसाचे तेल घालून काळ्याचा जाड थर दिला आणि प्रदर्शनाची घाई असल्याने आठच दिवसांत वर पांढरा चढवला. खालचा थर ओलाच राहिला होता, त्यामुळे पुढच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, त्या चेहऱ्याला शेताला पडाव्यात तशा भेगा पडल्या. आता मी खालचे थर टर्पेन्टाइनने पातळ ठेवतो, तेल वरच्या थरांतच वाढवतो आणि नखाने टोचून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

रक्त दाखवू नये.

चित्राला ‘धोका’ असे नाव देऊ नये.

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या सॅटर्नची, म्हणजे स्वतःच्याच मुलाला खाणाऱ्या देवाच्या चित्राची, नक्कल वर्षातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येते. गोयाने 1819 नंतर हे धरून ‘काळी चित्रे’ म्हणून ओळखली जाणारी 14 चित्रे स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवली होती, विक्रीसाठी नव्हे. नक्कल मात्र दुसऱ्याच दिवशी इन्स्टाग्रामवर चढलेली असते.

सुरुवात कशी करावी, असे विचारणाऱ्याला मी चेहऱ्याला हातच लावू देत नाही. ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे अशा घरच्या माणसाचा चहाची बशी धरलेला हात पेन्सिलीने रोज एकदा, असा महिनाभर काढायला लावतो.